घाटाआधी एकदा गाडीखाली वाकून बघा

श्रावण लागला की मुंबई-पुण्यातल्या गॅरेजांपुढे जुन्या गाड्यांची रांग लागते. गणपतीला गावी जायचं असतं. मालक फिटरला यादी सांगतो: ऑइल बदला, ब्रेक बघा, एसीत गॅस भरा. खालून खडखड येते, हे तो सगळ्यात शेवटी, निघता निघता सांगतो. फिटर फडक्याला हात पुसत म्हणतो, "साहेब, रस्तेच तसे आहेत." दोघांचंही समाधान होतं आणि खडखड तशीच कोकणात जाऊन येते.

यंदा ही यादी उलटी करा, एवढीच विनंती आहे. एसी थोडा कमी गार असला तरी माणसं गावी पोचतात. पण आत पाच माणसं, डिकीत सामान, कॅरिअरवर आणखी सामान आणि पुढे घाट, असा प्रवास खडखडीचं कारण न कळता करू नका. दहा वर्षांवरची कुठलीही छोटी गाडी घ्या. ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो, इंडिका, पहिली स्विफ्ट. इंजिन बहुतेक वेळा चांगलंच असतं. थकलेलं असतं ते चाक आणि गाडी यांच्या मधलं सगळं. आणि ते इतकं हळूहळू थकतं की रोज चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. स्टेअरिंग थोडं सैल होतं, वळणावर गाडी थोडी जास्त कलते, ब्रेक मारला की नाक थोडं जास्त खाली जातं, आणि आपला हात या सगळ्याला सवयीने जुळवून घेतो. एकदा मेव्हण्याला किंवा शेजाऱ्याला गाडी चालवायला द्या. दोन-तीन किलोमीटरांत तो जे बोलेल ते मनाला लावून न घेता ऐका.

आपल्याकडे ही तपासणी करायला कोणी भाग पाडत नाही. पीयूसी धुराचं सांगते. विम्याच्या कागदाला गाडीच्या पोटाशी काही देणंघेणं नसतं. खासगी गाडी १५ वर्षांची झाली की आरटीओत दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते मिळतं पुढच्या ५ वर्षांसाठी. त्याच्या आधीची १५ वर्षं कोणी खाली वाकून पाहत नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी सरकारमान्य तपासणी करून घ्यावी लागते आणि तीत सस्पेन्शनचे, स्टेअरिंगचे सांधे हलवून बघतात. आपल्याकडे ते काम मालकालाच करायचं आहे.

आधी कोण काय करतं ते समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकॲब्सॉर्बर, ज्याला आपण शॉकअप किंवा जंपर म्हणतो, तो वजन पेलत नाही. झोपाळ्याला झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो, तशी स्प्रिंगही खड्ड्यातून बाहेर आल्यावर हलत राहिली असती. तिला थांबवणं हे शॉकअपचं काम. त्याच्या आत तेल असतं, ते बारीक भोकांतून आणि झडपांतून इकडून तिकडे ढकललं जातं, आणि उसळीतली ताकद उष्णतेत जिरते. म्हणून "गाडी बसली आहे, शॉकअप बदला" हे निदान बहुधा चुकीचं असतं. गाडी एका बाजूला बसली असेल तर स्प्रिंग थकली किंवा तुटली आहे. शॉकअप गेला तर गाडी बसत नाही. ती उसळत राहते, आणि उसळताना टायर रस्त्यावरचा दाब सोडतो. खराब रस्त्यावर ब्रेक लांबतो तो यामुळे. चाक जमिनीला नीट टेकलेलंच नसेल तर ब्रेक कितीही चांगले असून काय उपयोग?

छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्सच्या एका छोट्या गाडीसाठी ही रचना आखली. ती गाडी बाजारात आलीच नाही, मॅकफर्सन फोर्डकडे गेला आणि १९५०च्या सुमाराला इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सलला ही रचना बसली. जागा कमी लागते आणि खर्चही कमी, म्हणून १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००लाही तीच होती आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांनाही आहे. तिची एक गोष्ट मालकाने लक्षात ठेवावी. यात शॉकअप हा नुसता उसळी जिरवत नाही, चाक उभं धरणारा खांबही तोच असतो. त्यामुळे तो झिजला की स्टेअरिंगही बिघडतं, टायरही खातो.

बाकी सगळं रबर. चाकाला धरणारा लोखंडी हात म्हणजे लोअर आर्म. तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे रबरी बुश असतात, आणि चाकाच्या टोकाला बॉल जॉइंट. ॲम्बेसेडर आणि फियाटच्या काळात असल्या सांध्यांना ग्रीस भरायला निपल असत, पेट्रोल पंपांवर गाडी चढवून ग्रीसिंग करून घ्यावं लागे. आता सांधे कायमचे बंद करून येतात. ग्रीसिंगची कटकट गेली, पण त्यासोबत दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी गाडीखाली जायचं तेही गेलं. सांध्यावरचं रबरी टोपण फाटलं की आत पाणी आणि माती शिरते, ग्रीस धुऊन जातं, आणि एका पावसाळ्यात सांधा संपतो. टोपण काही रुपयांचं. ते फाटलेलं वेळेवर दिसलं असतं तर पुढचं टळलं असतं.

आता आवाज. या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायची आहे: आवाज किती मोठा यावरून धोका किती मोठा हे ठरत नाही. सगळ्यात जास्त बोंब मारते ती लिंक रॉड. पेव्हर ब्लॉकवरून, उखडलेल्या डांबरावरून हळू चालताना जी सतत कटकट येते ती बऱ्याचदा तिचीच. दोन्ही बाजूंच्या चाकांना आडव्या दांडीने जोडणारा तो छोटा दुवा असतो, छोट्या गाडीला काही शे रुपयांत मिळतो, आणि तो ढिला झाला म्हणून चाक निसटत नाही. (काही जुन्या छोट्या गाड्यांत ही आडवी दांडीच लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवते. तिथे तिचे बुश गेले तर मामला गंभीर असतो, म्हणून आपल्या गाडीत रचना कोणती आहे ते फिटरला विचारा.) उलट बॉल जॉइंट शेवटपर्यंत गप्प राहू शकतो. कधी वळताना एखादी कुरकुर, कधी तीही नाही. आणि तो निखळला की चाक गाडीखाली दुमडतं. वेग कमी असेल तर रस्त्याच्या कडेला फोटो काढण्यापुरती हानी. घाटात असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

बाकीचे आवाज पटकन सांगतो. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं आणि बॉनेटच्या कोपऱ्यातून टण्णकन आवाज आला, किंवा वळण संपल्यावर स्टेअरिंग आपण होऊन सरळ होईना, तर स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग बघायला सांगा. स्पीडब्रेकर उतरताना एकच धप्प येत असेल तर शॉकअप किंवा लोअर आर्मचे बुश. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं चाकाच्या बेअरिंगची असते. उजवीकडे वळताना ती वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. पूर्ण वळवून गाडी चालवताना कट-कट-कट येत असेल तर तो सस्पेन्शनचा आवाजच नव्हे, तो ड्राइव्ह शाफ्टचा सांधा आहे. हे माहीत नसलं की माणूस शॉकअप बदलून येतो आणि आवाज तसाच राहतो.

कोरड्या रबराची चिवचिव ऐकून कोणी ऑइल मारायला सांगेल. मारू नका. सर्व्हिसिंग झाल्यावर गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, गंज लागू नये म्हणून. पत्र्याला ते बरं असेलही. पण बुशमधलं रबर ऑइलने फुगतं, मऊ पडतं, आणि मग सुटतं. फवारणी करायचीच असेल तर गंजरोधक लेप लावून घ्या, आणि रबर वगळायला सांगा.

घरच्या घरी, जॅक न लावता, बरंच काही कळतं. सकाळी गाडी थंड असताना सपाट जागी उभी करा. हवा आधी तपासा. दाबाचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, पंपावरच्या पोऱ्याच्या अंदाजात नसतो. चारही टायरांवरून तळहात फिरवा. फक्त आतली कड गुळगुळीत झाली असेल तर चाकाचा कोन बिघडला आहे. हात एका दिशेने सरकतो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडतो, तर चाकं पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर जास्त वळलेली आहेत. ठिकठिकाणी खोलगट चट्टे असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, आणि खाचांत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे मुद्दाम दिलेले असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, ३४१८ म्हणजे २०१८ सालचा ३४वा आठवडा. नक्षी चांगली आहे म्हणून दहा वर्षांचा टायर घाटात नेऊ नका. आणि दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावून घ्या. टायरवाला पुढे लावायला बघेल, बहुतेक जण पुढेच लावतात. पण ओल्या वळणावर गाडीचं मागचं अंग घसरलं तर ते सावरणं साध्या चालकाच्या हातचं नसतं.

मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्यात बोटभर फरक दिसला तर स्प्रिंग बघायला हवी. स्प्रिंगचा तळाचा वेढा गंजून तुटलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो, कारण तुकडा कपात अडकून राहतो. नंतर बॉनेटचा एक कोपरा दाबून दोन-तीनदा झुलवा आणि सोडा. कोपरा वर येऊन जागेवर थांबला तर ठीक. पुन्हा पुन्हा झुलत राहिला तर शॉकअप गेला. मात्र न झुलणारा शॉकअप चांगलाच असतो असं नाही. अर्धवट थकलेला शॉकअप ही परीक्षा सहज पास होतो.

सगळ्यात उपयोगी काम यापुढचं. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, हँडब्रेक लावा, मोबाइलची बॅटरी पेटवा आणि वळलेल्या चाकामागे वाकून बघा. चाक बाहेर आल्यामुळे आतलं सगळं उघडं पडतं. शॉकअपच्या नळीवर पुसटसा तेलकट थर असेल तर चालतो. ओलं तेल आणि त्यावर चिकटलेला धुळीचा लगदा असेल तर तो संपला. खालच्या बॉल जॉइंटचं टोपण, स्टेअरिंगच्या टाय रॉड एंडचं टोपण, ड्राइव्ह शाफ्टचं कंगोऱ्यांचं रबर, यांवर चीर दिसते का, ग्रीस उडालंय का ते बघा. मग दुसरी बाजू. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र डोकं किंवा हात घालू नका, एका मिनिटासाठीही. जॅक चाक बदलण्यासाठी असतो.

पुढची तपासणी गॅरेजातली, पण समोर उभं राहून करून घ्यायची. चाक अधांतरी असताना फिटरला ते वर आणि खाली धरून हलवायला सांगा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला लावा. खेळ गेला तर बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर बॉल जॉइंट. मग चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवायचं. तिथला खेळ टाय रॉड एंडचा किंवा स्टेअरिंग रॅकचा. लोअर आर्मच्या बुशमध्ये पहार घालून हलकेच रेटलं की फाटलेलं रबर तोंड उघडतं. या तपासणीला फार तर अर्धा तास लागतो. त्याचे पैसे वेगळे द्या आणि आधीच सांगा की देणार आहे. फुकट तपासणी करणारा माणूस ते पैसे पार्टमधून काढतो, आणि त्यात त्याची फारशी चूक नाही.

आता अलाइनमेंट, ज्यावर आपण सगळ्यात जास्त पैसे व्यर्थ घालवतो. गाडी एका बाजूला ओढते, चला अलाइनमेंटला. ते केलं की पंधरा दिवस बरं वाटतं, मग परत ओढते, परत जातो. यंत्र चाकाचा कोन गाडी उभी असताना मोजतं. बुश फाटलेला असेल तर गाडी चालू लागली, ब्रेक लागला की चाक जागा सोडतं, आणि तुम्ही पैसे देऊन जुळवलेला कोन तिथेच विस्कटतो. म्हणून आधी ढिले भाग बदला, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि ती करायचीच. पुढच्या चाकाचा कुठलाही सांधा उघडला की अलाइनमेंट चुकवू नये. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या.

गाडी ओढण्याची आणखी कारणं असतात आणि ती फुकटात कळतात. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी किंचित डावीकडे जाणारच. तो दोष नव्हे. एका टायरात हवा कमी असेल तरी ओढते. पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा (टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण नसेल तरच). ओढ बाजू बदलून गेली तर दोष टायरचा. थोडं चालवून आल्यावर एका रिमवर हात ठेववत नसेल आणि दुसरी कोमट असेल तर ब्रेक चिकटतोय. हे सगळं निस्तरल्यावरही कॅम्बर, म्हणजे उभं चाक आत-बाहेर कलण्याचा कोन, जमत नाही असं यंत्रवाला म्हणाला, तर सावध व्हा. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅम्बरला फिरवायची सोयच नसते. तो बिघडला याचा अर्थ एखाद्या मोठ्या खड्ड्याने स्ट्रट, आर्म किंवा चाकामागचा नकल वाकवला आहे. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटच दाबून वाकवतात आणि कागदावर हिरवा आकडा दाखवतात. तसं करू देऊ नका. वाकलेला भाग कोणता, ते शोधून तो बदला.

जुगाडांबद्दलही बोलायला हवं, कारण गणपतीच्या आधी ते जोरात विकले जातात. बसलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराच्या जाड चकत्या घालतात. गाडी उंच दिसते, सामान भरल्यावर खाली घासत नाही, मालक खूश. पण त्या वेढ्यांची हालचाल थांबते, बाकीच्या वेढ्यांवर ताण येतो, आणि शॉकअप ज्या स्प्रिंगसाठी बनला ती स्प्रिंगच बदललेली असते. थकलेली स्प्रिंग नवी घ्या, जोडीने घ्या. शॉकअप उघडून तेल भरून देणारे आहेत. पैसे वाचतात, महिने वाचत नाहीत. पॉलियुरेथेनचे कडक बुश शर्यतीच्या गाड्यांत शोभतात. आपल्या खड्ड्यांवर ते प्रत्येक धक्का आत पोचवतात, आणि घरच्या गाडीला साधं रबरच बरं. कॅरिअरवर सामान लादताना जड पिशव्या डिकीत आणि हलक्या वर, एवढं केलं तरी वळणावर गाडीचं डोलणं कमी होतं. त्याला काही विकत घ्यावं लागत नाही.

काम चालू असताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली फार थोडी गॅरेजं पाळतात, म्हणून विस्ताराने सांगतो. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा रबर पीळ खातं आणि परत येतं. गाडी लिफ्टवर असताना चाक खाली लोंबकळतं. त्या स्थितीत बोल्ट पक्के आवळले की रबर तिथे बांधलं जातं. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं. मग आपण म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. बोल्ट हाताने बसवून गाडी चारही चाकांवर उतरवायची, किंवा आर्मखाली जॅक देऊन गाडीचं वजन चाकावर आणायचं, आणि मगच आवळायचं. फिटरला हे तुम्ही शांतपणे सांगितलंत तर तो चिडणार नाही; चिडला तर दुसरा फिटर बघा.

दुसरी, शॉकअप नेहमी जोडीने. एक नवा आणि एक जुना अशी गाडी ब्रेक मारताना आणि वळताना दोन्हीकडे वेगळी वागते. सोबत माउंटिंग, आतला रबरी ठोकळा आणि धुळीचं आवरण नवं घ्या. स्ट्रट उघडण्याची मजुरी एकदाच लागते, जुनं माउंटिंग ठेवून पुन्हा तीच मजुरी देण्यात शहाणपण नाही. सेल्फ-लॉकिंग नट आणि कॉटर पिन जुन्या लावू देऊ नका.

तिसरी गोष्ट घरी पाने घेऊन बसणाऱ्या हौशी मंडळींसाठी. स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कधीही सैल करू नका. ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली की बंदुकीच्या गोळीपेक्षा तिला कमी समजू नये. टायर, हवा, टॉर्चने तपासणी हे घरी करा. स्ट्रट ज्याच्याकडे हत्यार आहे त्याच्याकडे द्या.

पैसे कमी असतील, आणि बहुतेक वेळा असतातच, तर आधी जे तुटलं की माणूस मरतो ते: बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, टायर, तुटलेली स्प्रिंग. मग लोअर आर्मचे बुश. बऱ्याच गाड्यांत पूर्ण आर्म बुश आणि बॉल जॉइंटसकट मिळतो, आणि सुटे बुश प्रेस करून घेण्याची मजुरी धरली तर तो फार महाग पडत नाही. मग शॉकअप, आधी जे जास्त थकलेले असतील ते. लिंक रॉड शेवटी. तिची कटकट रेडिओ मोठा करून महिनाभर सहन करता येते. पार्ट घेताना सील, किंमत आणि पार्ट नंबर बघा, आणि बिल घ्या. बिल नाही त्या पार्टची तक्रारही करता येत नाही.

एका ठिकाणी मात्र खर्च थांबवावा. किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीचा पत्रा स्ट्रटच्या डोक्यापाशी किंवा मागच्या स्प्रिंगच्या बैठकीपाशी गंजून पोकळ झाला असेल, स्क्रूड्रायव्हरने टोचलं की आत जात असेल, तर त्यावर नवे शॉकअप लावून उपयोग नाही. सस्पेन्शन धरायला पत्राच उरलेला नसतो. वरून पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून रंग मारून देणारे भेटतील. घाटात न्यायच्या गाडीला तो इलाज नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या गाड्यांचा पत्रा सहसा टिकलेला असतो, तिथे उन्हाने रबर तडकतं, आणि रबर बदलता येतं.

काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. निदान आठवडाभर आधी करा, पन्नास-शंभर किलोमीटर रोजच्या रस्त्यावर चालवा आणि परत नेऊन सगळे नट-बोल्ट एकदा पान्याने तपासून घ्या. गाडी ताब्यात घेताना फिटरला शेजारी बसवा आणि ज्या रस्त्यावर आवाज येत होता त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने न्या. बदललेले जुने भाग मागून घ्या. बॉल जॉइंट हातात धरून हलवून बघा, तो खरंच ढिला होता का.